लेबल छान आहे

श्रीरंग,

तुझी शेवटची बिअर आज दुपारपर्यंत खाली तळघरात, तुझ्या त्या केलरमध्ये, बिनलेबलाची उभी होती. मुक्ताने ते काम माझ्यावर टाकलं. "बाटल्या त्याने भरून ठेवल्यात. उद्या सगळे घरी येणार, तेव्हा काढू म्हणते. लेबल तेवढं तू लिही." तुझी बायको आहे, तिला नाही म्हणता आलं नाही. तू स्वतः सांगितलं असतंस तर सरळ नाही म्हटलं असतं.

आधीच सांगते, मेलास म्हणून तू चांगला झालेला नाहीस.

परवाच्या शोकसभेत तू असायला हवं होतंस. केदार उभा राहिला आणि म्हणाला, "श्रीरंग म्हणजे हसतमुख माणूस. त्याने कधी कुणाचं मन दुखावलं नाही." हा तोच केदार, ज्याच्या टीम लीडच्या प्रमोशनला तू 'केदार हेल्लेस' नावाची फिकट सोनेरी बिअर काढलीस आणि लेबलावर छापलंस, 'फेस भरपूर. खाली काय आहे ते बघून घ्या.' त्याच्याच पार्टीत, त्याच्याच साहेबासमोर बाटल्या ठेवल्यास. मराठी वाचता येत नाही म्हणून साहेबाने अर्थ विचारला, तर तू शब्दन्‌शब्द समजावून सांगितलास. आणि परवा तोच केदार डोळे पुसत होता. मी मागे बसून विचार करत होते, की तू हसतमुख कधी होतास? तू हसवायचास. एकाला, दुसऱ्यावर.

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी उठले नाही. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नसेल. तसं काही नव्हतं. तिथे खरं बोलण्याची सोय नव्हती, आणि खोटं बोलायला मी काही तुझी नातेवाईक नाही.

जर्मनीत, वाल्डॉर्फला मी आले तेव्हा फर्ममध्ये तुझं टेबल माझ्या समोर. तू कोड लिहायचास, मी टेस्टर. चूक दिसली की सांगायची, त्याचाच मला पगार मिळतो. पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "गाव कुठलं?" सोलापूर म्हटलं. त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "काय सोलापूर, किती मारल्यास आज माझ्या कोडमधल्या उवा?" अख्ख्या मजल्यावरच्या जर्मनांना वाटायचं, माझं आडनावच सोलापूर.

मग तुझ्या घरचं ते लेबलांचं प्रकरण सुरू झालं. बिअर तू एकटा करायचास, मुक्ताच्या आईने सत्यनारायणाच्या प्रसादासाठी दिलेल्या पातेल्यात. त्यावरून मुक्ता तुझ्याशी किती भांडली ते मला पाठ आहे. पण लेबलं लावायला मात्र सगळ्यांना बोलवायचास. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, धुतलेल्या बाटल्यांची रांग, कापलेले कागद, आणि मधोमध वाटीत दूध.

दुधाची युक्ती खालच्या मजल्यावरच्या हेर फोग्टची, म्हणजे फोग्टसाहेबांची. म्हाताऱ्याने आयुष्यभर घरी बिअर केलेली. तुझी पहिली लेबलं त्याने पाहिली, डिंकाने चिकटवलेली, कडा उचललेल्या, आणि मान हलवली. "मिल्श," म्हणाला, "नुअर मिल्श." नुसतं दूध. तुला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण कागदाच्या पाठीवर ब्रशने दूध फिरवायचं, बाटलीवर ठेवून मधून कडेकडे फडक्याने दाबायचं, की वाळल्यावर लेबल पक्कं बसतं आणि कोमट पाण्यात बाटली बुडवली की अलगद सुटतं. बाटली पुन्हा वापरायला मोकळी. तू त्या युक्तीवर इतका खूश होतास, जणू ती तुलाच सुचली होती.

लेबल लावायचं काम तू नेहमी माझ्याकडे द्यायचास. "हे सोलापूरचं डिपार्टमेंट. लेबलांचं घराणंच आहे त्यांचं." माझी आई कारखान्याच्या चादरींना आणि टॉवेलांना लेबलं शिवायची, घरी गठ्ठे आणून. हे मी तुला सांगितलं होतं ते एकदा जेवताना, मोकळेपणी. तू ते सगळ्यांसमोर वापरलंस. मी म्हटलं, "हो, आणि तुझ्याकडे बोलण्याचं घराणं. तीन पिढ्या नुसत्या बोलतायत." आजोबा हेडमास्तर, वडील प्रोफेसर, आणि तू. सगळे हसले. तूही हसलास. मग मी लेबलं लावली, आणि एकही वाकडं लागू दिलं नाही.

तुझ्या सासूबाई तेवढ्या तुला पुरून उरल्या. त्यांच्या नावाने तू काळी बिअर काढलीस, 'अहो आई.' खाली ओळ: 'मुरायला वेळ लागतो. कडूपणा मूळचा.' आणि बाटली त्यांच्याच हातात दिलीस. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "अहो श्रीरंगराव, मूळचा नाही हो. जावई मिळाल्यावर आलेला." त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझा चेहरा पडलेला पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

आता बिअरबद्दल.

तुझी बिअर वाईट होती. नेहमीच. कधी आंबट, कधी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, कधी नुसता फेस. एकदा कोकम घातलंस तेव्हा तर हेर फोग्टने घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाला, "इंटरेसांट." जर्मन माणूस जेवणाखाण्याला इंटरेसांट म्हणाला की समजावं, ताट ढकललं. आपल्या लोकांचा इंटरेसांट वेगळा होता. आपले लोक घोट घ्यायचे, गिळायचे, बाटली डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "लेबल छान आहे." ते काही कुणी ठरवलं नव्हतं. पण पुढे पुढे आमच्यात तो इशाराच झाला. केदारच्या नव्या फ्लॅटच्या पडद्यांना, कुणाच्या बायकोच्या गाण्याला, कुणाच्या फसलेल्या पुरणपोळीला, सगळ्याला आम्ही म्हणायचो, लेबल छान आहे. तुझ्यामागे.

मग ती कोजागिरी.

आई त्या वर्षी माझ्याकडे आली होती, पहिल्यांदा विमानात बसून. तुमच्या बाल्कनीत आपण स्वेटर, टोप्या घालून चंद्राची वाट पाहिली, चंद्र काही ढगातून आला नाही, दूध मात्र मुक्ताने झकास आटवलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. तुला लेबलं लावायची घाई, आणि घरात साधं दूध थेंबभर नाही, सगळं आटवण्यात गेलेलं. दुकानं बंद. दुसरा कुणी असता तर सोमवारपर्यंत थांबला असता. तू उरलेलं मसाला दूध वाटीत ओतलंस. साखर, केशर, वेलदोडा, पिस्ते, सगळ्यासकट.

त्या बिअरचं नाव 'पहिली पिढी.' मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लोकांना सांगते, जरा जास्तच सांगते, मला माहीत आहे, आणि पुढेही सांगणार आहे. तू लेबलावर एक पदवीची गुंडाळी काढलीस, तिच्यात सुईदोरा खोवलास, आणि खाली ओळ छापलीस: 'घरातली पहिली. लगेच डोक्यात जाते.'

आईने बाटली हातात घेतली. ती अक्षर अक्षर लावून वाचते, मोठ्याने. प-हि-ली-पि-ढी. केदार खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटत होतं, तिने इथेच थांबावं. ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खरं हाय की हो. पर पहिली निघाली, आता दुसरी कवा निघायची? ते बी इचारा हिला."

चाळिशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या मुलीला भर पंगतीत. तू टेबलावर हात आपटून हसत होतास. "आई, तुम्ही माझ्या कंपनीत या लेबलं लिहायला!" आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मी तशी सोय ठेवत नाही.

सूड मात्र दुधाने घेतला. त्या बाटल्यांची लेबलं निघेनात. कोमट पाणी झालं, गरम झालं, सोडा झाला. केलरमध्ये मुंग्यांची रांग लागली. हेर फोग्ट पत्रा खरवडायचं पातं घेऊन आला, आणि तुला त्याला जर्मनमध्ये कोजागिरी समजावून सांगता येईना. "मोंडमिल्श," म्हणालास. चंद्राचं दूध. त्याने बाटली उजेडात फिरवली, कागदाखाली अडकलेला पिस्त्याचा तुकडा बघितला, आणि तुला पातंही न देता परत गेला.

शेवटी तू त्या बाटल्या तशाच वापरात ठेवल्यास. नवं लेबल दुसऱ्या बाजूने. त्यानंतरच्या तुझ्या प्रत्येक बिअरमध्ये पुढे कुणीही असो, मागे मी असायचे. आईने त्यातली एक रिकामी बाटली मागून घेतली, साडीत गुंडाळून सोलापूरला नेली. ती त्यात गोडंतेल ठेवते. तू गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, "ग्येला व्हय त्यो बाटलीवाला?" मग म्हणाली, "लेबल अजून हाय बघ. तेलकट झालंय, पर निघंना. मी समद्यांना दावते, माज्या पोरीच्या नावाची बाटली निघाली जर्मनीत." तिने ते लेबल वाचलं होतं, श्रीरंग. अर्थ कळला होता तिला. तरीही ती दाखवते. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू फुशारलाच असतास, म्हणून सांगितलं नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. इथे बाकी सगळे माझ्याशी जपून बोलायचे. "तुझ्या बॅकग्राउंडमधून येऊन एवढं केलंस, ग्रेट." हे ऐकलं की मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटायचं. तू कधी ग्रेट म्हणाला नाहीस. मला सवलत दिली नाहीस. केदारला जेवढं सोललंस तेवढंच मलाही. मी तुझ्याकडे परत परत यायचे ते त्यासाठी. असं लिहिलं की बरं वाटतं. पण ते पुरतं खरं नाही. कधी कधी तू नुसता दुष्ट होतास, आणि आम्ही तुझ्याकडे यायचो कारण त्या दिवशी पाळी दुसऱ्या कुणाची तरी असेल, अशी आशा असायची.

आणि मग ती शेवटची दुपार. तुमच्या बाल्कनीत ग्रिल, आपली नेहमीची माणसं. तू जाहीर केलंस, की नोकरी अर्धवेळ करायची आणि छोटी ब्रुअरी काढायची. जागा बघून ठेवली होतीस. मुक्ता वांगी परतत होती, तिने मान वर केली नाही. सगळे म्हणाले, कर, जरूर कर. केदार म्हणाला, "तुझ्या लेबलांवरच धंदा चालेल." तू माझ्याकडे वळलास. "काय सोलापूर? तुझा टेस्ट रिपोर्ट?"

"देते. पण मग रडायचं नाही."

"बोल तर."

"लोकांना लेबल आवडतं. बिअर कुंडीत जाते. ती बघ तुझी जिरेनियम."

जिरेनियमची पानं पिवळी पडली होती. कुणीतरी हसू दाबलं. तू ग्लास खाली ठेवलास. "तू पहिली पिढी ना, तुला प्रत्येक गोष्टीत पास-नापासच दिसणार. आवडीने एखादी गोष्ट करतात, हे तुमच्याकडे यायला अजून दोन पिढ्या जातील."

"आणि तू तिसरी," मी म्हटलं. "तुला पहिल्या दोघांनी सगळं ताटात वाढलं. आयुष्यात स्वतःच्या हाताने एकच गोष्ट केलीस, आणि ती पिता येत नाही."

"गेनाऊ," म्हणालास. अगदी बरोबर. आणि केलरमध्ये गेलास. आम्ही जेवलो, आवरलं, निघालो, तरी तू वर आला नाहीस.

त्यानंतर आपण फक्त कामाचं बोललो. आणि मग तू बसस्टॉपवर कोसळलास, हायडलबर्गच्या बसची वाट बघताना. मी ते वाक्य मागे घेणार नाही. वाक्य खरं होतं. पण त्याला तू उत्तर द्यायला हवं होतंस. भांडण असं अर्ध्यावर टाकून जायची पद्धत नाही आपली.

आज दुपारी मुक्ता, इरा आणि मी केलरमध्ये गेलो. तुझी मुलगी तुझ्याएवढी उंच झालीय. बाटल्या रांगेत होत्या, आणि मधूनमधून माझी लेबलं, केशराचे डाग पडलेली. मुक्ता म्हणाली, "त्याच्याबद्दल एकदा तरी चांगलं लिही."

"आधी चव बघू दे. न चाखता लिहिणारी माणसं परवा हॉलमध्ये होती."

वर स्वयंपाकघरात मी झाकणाची तार उचलली. फेस ओट्यावर आला. मी ग्लासात ओतली आणि प्यायले. मुक्ता बघत होती. मनात काहीतरी चांगलं म्हणायचं जमवत होते, आणि बाटलीकडे पाहिलं तर ती कोरी. छान म्हणायला लेबलही नव्हतं.

मुक्ताने मग सांगितलं. त्या दुपारनंतर तू पुन्हा पुन्हा बिअर केलीस, स्वतःच चाखलीस आणि स्वतःच मोरीत ओतलीस. कुणाला बोलावलं नाहीस. ही एवढीच ठेवलीस. "म्हणाला, ही सोलापूरला पाजायची. लेबल न लावता."

म्हणजे लेबल राहून गेलं नव्हतं. तू ते लावणारच नव्हतास.

मी परत ग्लास उचलला. टेस्टर आहे, दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. आंबटपणा होता, पण मागे. पुठ्ठा नव्हता. शेवटी जिभेवर काहीतरी स्वच्छ राहत होतं, क्षणभर, आणि जात होतं. नापास, श्रीरंग. पण काठावर. मी सगळी संपवली. तुझ्या कुठल्याही बाटलीचा तळ मी आजवर पाहिला नव्हता.

"कशी आहे?" मुक्ताने विचारलं.

"नापास."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "मग लेबल लावावंच लागेल. उद्या लोकांना काहीतरी छान म्हणता आलं पाहिजे."

मी टेबलाशी बसले आणि लिहिलं. नाव: 'तिसरी पिढी.' खाली ओळ: 'दिसायला पहिल्यापासून देखणी. चव जमत आली होती.'

मुक्ताने वाचलं. "एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

तिने कागद बराच वेळ धरून ठेवला. "दुष्ट आहेस तू," म्हणाली, आणि प्रिंटर चालू केला. मग फ्रिजमधून दूध काढून वाटीत ओतायला लागली. मी तिच्या हातातून दुधाचं खोकं घेतलं, सगळं दूध तुझ्या त्या पातेल्यात ओतलं, गॅस लावला आणि साखरेचा डबा उघडला.

इरा दारात उभी होती. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. म्हणाली, पापा साधंच दूध लावायचा. साखर घातली की लेबल निघणार नाही.

"नाहीच निघणार."

मग बाटल्या परत कशा वापरायच्या?

"कोण भरणार आहे आता त्यात?" मी म्हटलं.

माझ्या तोंडून गेलं. मुक्ताची पाठ होती आमच्याकडे, ती वळली नाही. इराने दुसरी बाटली उघडली, सरळ तोंडाला लावली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग टेबलावरचा एक छापलेला कागद उचलून डोळ्यांसमोर धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "लेबल छान आहे."

मुक्ता तुझ्यानंतर पहिल्यांदा हसली. मला मात्र हसू आलं नाही. हे वाक्य आमचं होतं, तुझ्यामागचं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"पापा," ती म्हणाली. दर वेळी, केलरमध्ये, पहिली बाटली उघडली की तू घोट घ्यायचास आणि तिला हेच म्हणायचास.

म्हणजे तुला माहीत होतं. आमचं सगळं, पहिल्यापासून. त्या दुपारी मी तुला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. तरीही तू खाली जाऊन बसलास, आणि आम्ही वर वांगी खात होतो.

दूध आटत आलं होतं, कडेला साय धरत होती. मी ती खरवडून आत ढकलली, आणि आणखी साखर टाकली.